आधी ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी: जुन्या लष्करी ट्रकाची दुरुस्ती

[दृश्य: शेडमध्ये शेजारी शेजारी उभे दोन ट्रक. कॅमेरा बॉनेटवरून हळूहळू मागच्या चाकांकडे.]

हा जीएमसी या अमेरिकन कंपनीचा दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी ट्रक, सीसीकेडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रक तयार झाले. तिन्ही ॲक्सलना ड्राइव्ह, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, क्षमता २७० घन इंच, म्हणजे साधारण ४.४ लिटर. शेजारी उभा आहे त्याच्यानंतरच्या पिढीतला एम३५. रिकामा असतानाच त्याचं वजन जवळपास ६ टन भरतं. अडीच टन हा आकडा रस्ता नसलेल्या जागी वाहायच्या मालाचा. चांगल्या रस्त्यावर एम३५ ला त्याच्या दुप्पट माल चालतो.

असे ट्रक राबून क्वचित मरतात. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहणं त्यांना जास्त बाधतं. लोखंड जाड असतं, रचना सोपी असते, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स बहुधा तग धरतात. सील, रबरी नळ्या आणि टायर मात्र सुकून तडकतात, ब्रेक ऑइलमध्ये पाणी उतरतं, टाकीत गंज साचतो. तरीही ट्रक घरी आणला की बहुतेकांचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. बॉनेटवर अमेरिकन लष्कराचा पांढरा तारा झळकतो आणि व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकात ब्रेक शू दाबणारे सिलिंडर, जागच्या जागी जाम असतात. त्यापेक्षा रंग वर्षभर थांबला तरी चालेल.

[दृश्य: मागच्या ॲक्सलखाली जाड लाकडी ठोकळे आणि स्टँड. हातात हातोडा.]

सुरुवात ट्रक उचलण्यापासून. मोटारीचा जॅक इथे कामाचा नाही. जॅक ॲक्सलखाली लावायचा, त्याच्याखाली जाड फळी, आणि उचलल्याबरोबर वजन स्टँडवर घ्यायचं. जॅकच्या भरवशावर कोणी खाली जायचं नाही. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर हवीच. या दोन्ही ट्रकांचा हँडब्रेक चाकांच्या ड्रमवर काम करत नाही. ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी, तिच्यामागच्या शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असतो. मधल्या सगळ्या गिअरांची ढिलाई जमा होते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही ट्रक थोडा सरकतो. जॅकवरून खाली यायला तेवढं पुरतं.

आता चाकाचे नट. डाव्या बाजूला उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर एल हे अक्षर कोरलेलं असतं, पण रंगाच्या थरांखाली ते दिसत नाही. मग माणूस लांब पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर करतो, नट आणखी आवळतो आणि शेवटी स्टड तुटतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने टोक साफ करायचं, अक्षर बघायचं. मागे जोडचाकं आहेत. आतलं चाक चौकोनी टोकाच्या टोपीनटाने धरलेलं असतं आणि बाहेरच्या चाकाचा नट त्या टोपीनटावर बसतो. परत बसवताना बाहेरचा नट सैल करूनच आतला आवळायचा. नाहीतर पाना पुरेसा जोर दाखवतो आणि आतलं चाक सैलच राहतं. पहिल्या ८० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे.

टायर उतरवायचा असेल तर इथे थांबून नीट ऐका. या चाकांवर टायरला रिमच्या खाचेत बसणारी पोलादी कडी, म्हणजे लॉक रिंग, धरून ठेवते. रिंग गंजलेली असेल किंवा खाचेत नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती गोळीसारखी सुटते. अशा अपघातांत माणसं मेली आहेत. चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडायची. जोडचाकांत दोन्ही टायरांची. हवा भरायची ती पोलादी पिंजऱ्यात, लांब नळीने, बाजूला उभं राहून. काही लष्करी ट्रकांची रिम दोन अर्धुकांची असते आणि ती अर्धुकं नटांच्या वेगळ्या फेऱ्याने जोडलेली असतात. हवा असताना ते नट सोडायचे नसतात. ब्रिटिश ट्रकांवर ते लाल रंगवायचे ते याच कारणाने. सगळं चाक हौसेने हिरवं रंगवणारे तो इशाराच पुसून टाकतात.

[दृश्य: ड्रम निघतो. आतून काळपट, चिकट ब्रेक शू.]

ड्रम निघाल्यावर आत असं दिसलं तर दोष ब्रेकचा नाही. हे गिअर ऑइल आहे. ॲक्सलच्या हौसिंगवर हवा जाण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने किंवा रंगाने बुजतो. मग ॲक्सल तापला की आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसते, आणि ती तेलाला हबच्या सीलमधून ड्रममध्ये ढकलते. नुसतं सील बदललं तर नवं सीलही तसंच गळू लागतं. आधी ब्रीदर मोकळा करायचा. तेल प्यायलेलं लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर, धुऊन किंवा भाजून परत वापरता येत नाही. ते नवं लागतं. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायचं.

व्हील सिलिंडर सहाच्या सहा उघडायचे. आत हलका गंज असेल तर घासून निघतो. खड्डे पडले असतील तर नवा सिलिंडर घ्यावा किंवा जुन्यात स्लीव्ह बसवून घ्यावी. रबरी होज बाहेरून कितीही चांगले दिसले तरी सगळे बदलायचे. आतून फुगलेला होज दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि ते चाक तापून निघतं. एवढा आग्रह धरण्याचं कारण असं की दोन्ही ट्रकांत पेडलचा दाब ऑइलमध्ये उतरवणारा मास्टर सिलिंडर एक आणि नळ्यांचं सर्किटही एकच. सहापैकी कुठल्याही चाकाची नळी फुटली की पायाखालचा सगळा ब्रेक जातो. मग हाती उरतो तो शाफ्टवरचा हँडब्रेक, आणि तो उभा ट्रक धरण्यासाठी आहे.

ब्रेक ऑइलबद्दल गोंधळ फार. बाटलीवर डॉट आणि आकडा असतो, तो ऑइलचा प्रकार. डॉट ३ आणि डॉट ४ हवेतलं पाणी शोषतात, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. डॉट ५ सिलिकॉनचं आहे. ते पाणी शोषत नाही, रंगावर सांडलं तरी रंग उचलत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रकाला ते मानवतं. पण आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही. ते खालच्या भागात साचतं आणि तिथे गंज धरतो. ही दोन ऑइलं एकत्र करायची नाहीत. आणि डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी ते सिलिकॉन नव्हे, डॉट ४ च्या जातीचं आहे. बाटली जोरात हलवून ओतली तर सिलिकॉनमध्ये बुडबुडे धरतात आणि पेडल कितीही हवा काढली तरी स्पंजासारखं दबतं. सावकाश ओतायचं.

[दृश्य: रॉकर कव्हर काढलेलं इंजिन. पुढून हँडल हळूहळू फिरवलं जातं.]

जाम इंजिन ट्रक ओढून सुरू करायचा मोह टाळा. स्पार्क प्लग काढायचे. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि डिझेल निम्मं निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ओतायचं आणि काही दिवस तसंच मुरू द्यायचं. मग हँडलने अगदी थोडं पुढे, थोडं मागे. रॉकर कव्हर काढून ठेवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह वर येतो का बघा. खाली गेलेला व्हॉल्व्ह परत आला नाही तर जागीच थांबायचं. जोर केला तर पुश रॉड वाकतो. इंजिन मोकळं झालं की प्लग न लावता सेल्फ मारायचा, तोही एका दमात ३० सेकंदांच्या वर नाही, आणि मधे दोन मिनिटं विश्रांती. ऑइल गेजचा काटा हलला की मगच प्लग आणि पेट्रोल. पेट्रोल मुख्य टाकीतून घ्यायचं नाही. बाहेर टांगलेल्या लहान डब्यातून स्वच्छ पेट्रोल द्यायचं, कारण टाकीतला गंज आणि डिंकासारखा थर पहिल्या फटक्यात कार्ब्युरेटर बुजवतो.

एम३५ च्या मल्टिफ्युएल, म्हणजे वेगवेगळ्या इंधनांवर चालणाऱ्या, इंजिनाचा धोका वेगळा. खूप दिवस बंद राहिलेल्या इंजेक्शन पंपात इंधन मोजणारा भाग पुरवठा उघडा असतानाच अडकू शकतो. मग इंजिन सुरू होताच वेडंवाकडं धावत सुटतं आणि बंद करायची केबल ओढूनही थांबत नाही. पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरची नळी काढून ठेवावी आणि हवेच्या तोंडाशी एक माणूस प्लायवुडचा तुकडा घेऊन उभा करावा. तोंड झाकलं की इंजिन थांबतं. तोंड हाताने झाकायचं नाही.

विजेचं थोडक्यात. सीसीकेडब्ल्यू ६ व्होल्टचा आहे. तेवढ्याच ताकदीला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून आजच्या मोटारीच्या बारीक केबलवर सेल्फ रडतो. जाड केबल टाका आणि अर्थिंगच्या खालचा रंग खरवडून उघडं लोखंड दिसू द्या. एम३५ मध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळतात. रेडिओसाठी त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट काढले तर एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होते. कन्व्हर्टर स्वस्त पडतो.

[दृश्य: बॉनेटच्या बाजूवर ओला पॉलिश पेपर गोल गोल फिरतो. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली अंधूक आकडे.]

आता रंग. इथेही घाई नको. बॉनेटची बाजू ओल्या बारीक पॉलिश पेपरने थरथराने घासली तर जुना नोंदणी क्रमांक वर येतो. युद्धकाळातल्या अमेरिकन अडीच टनी ट्रकांचा क्रमांक ४ ने सुरू होतो. तो दिसला की लगेच फोटो काढायचा आणि त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून माप घ्यायचं, कारण पुढच्या दोन हातांत तो कायमचा निघून जातो. डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या घासायच्या नाहीत. जुन्या थरांत शिसं असू शकतं. १९८० च्या दशकापासून आलेल्या रासायनिक हल्ल्याला टिकणाऱ्या रंगात आयसोसायनेट असतं. सुकं घासणं, तापवणं किंवा त्यावर वेल्डिंग करणं नको, आणि साधा कापडी मास्क पुरत नाही.

[दृश्य: ट्रक रस्त्यावर. चालकाच्या समोरची पट्टी जवळून.]

तयार झालेला ट्रक शेडमध्ये दहा मिनिटं चालू करून बंद करण्याने त्याचं भलं होत नाही. इंजिन ऑइलमध्ये पाणी साचतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. महिन्यातून एकदा निदान पाऊण तास रस्त्यावर न्या, म्हणजे ॲक्सलमधलं तेलही गरम होतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढच्या ॲक्सलचा ड्राइव्ह काढून ठेवा. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडच्या वेगातला फरक सामावून घेणारे गिअर, नसल्याने सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांवर येतो. टायर कमीजास्त झिजलेले असतील तर मागच्या दोन ॲक्सलमध्येही असाच पीळ पडतो.

सीसीकेडब्ल्यूच्या पट्टीवर कमाल वेग ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. प्रत्येक गिअरची मर्यादाही तिथेच लिहिलेली असते. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर फक्त पेट्रोलवर लगाम ठेवतो. उतारावर ट्रकाचं वजन इंजिनाला फिरवतं, तिथे त्याचा उपयोग शून्य. म्हणून खालचा गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. मध्यावर ट्रकाने वेग घेतल्यानंतर या गिअरबॉक्समध्ये तो पडेलच असं नाही, आणि तोपर्यंत न्यूट्रलमध्ये सगळा भार त्या एका ब्रेक सर्किटवर असतो.