पिवळ्या पाण्याचा उपसा

बादलीतील हे गोमूत्राच्या रंगाचे पाणी बोअरमधून असेच वर येते. कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील एका हार्ड क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे यंत्रभागांवर क्रोमियमचा कठीण थर चढवण्याच्या, कारखान्यामागे हा बोअर आहे आणि पाण्याचा पिवळेपणा हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा आहे.

शिवाजी उद्यमनगरातील ऑइल इंजिनांनी नावारूपाला आलेली येथील कारखानदारी पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पसरली, आणि फाउंड्री व मशीन शॉपच्या जोडीने प्लेटिंगची कामेही वाढली. क्रोमिक आम्लाच्या टाकीतून उचललेला जॉब, म्हणजे प्लेटिंगचा भाग, धुण्याच्या टाकीकडे नेताना दर खेपेला काही थेंब खाली पडतात. फरशीच्या सांध्यातील ही तांबूस रेघ त्या थेंबांची आहे. आम्लाने सांधे खाल्ले, आणि वरून रोज पाणी मारून स्वच्छ दिसणाऱ्या फरशीखाली क्रोमियम मुरुमात उतरत राहिले.

मुरुमाखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. तो अखंड असेल तेथे पाण्याला शिरकाव नसतो. पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाहते. त्यामुळे शेजारच्या दोन बोअरपैकी एकाचे पाणी पिवळे आणि दुसऱ्याचे नितळ येऊ शकते. बोअर खणणाऱ्या रिगने काढलेला दगडाचा हा चुरा भूवैज्ञानिक एवढ्या बारकाईने चाळतो, कारण दूषित पाणी सफाईसाठी उपसणारा पंप चुकीच्या भेगेवर बसला तर नुसते विजेचे बिल वाढते.

उपसलेल्या पाण्यात या टाकीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळले जाते. हिराकशीतील लोह क्रोमियमला इलेक्ट्रॉन देते आणि सहज विरघळणारे हेक्साव्हॅलंट क्रोमियम ट्रायव्हॅलंट, म्हणजे सहज न विरघळणाऱ्या रूपाचे, होते. त्यानंतर चुना टाकून पाण्याचा आम्लपणा घालवला की क्रोमियम लोहाबरोबर साक्याच्या रूपाने खाली बसते. पिवळे पाणी गढूळ होते, ढवळणारा पंखा थांबतो, आणि हळूहळू वरचे पाणी निवळते. साका दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसच्या पाट्या उघडल्यावर गळून पडणाऱ्या या वड्या घातक कचऱ्यात मोडतात. त्या उकिरड्यावर टाकता येत नाहीत. त्यांची रवानगी अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच करावी लागते.

उताराखालच्या विहिरीचे पाणी पिणे बंद झाले असून तेथील घरांना टँकरने पाणी दिले जाते.

अमेरिकेतील हिंकली येथे १९५२ ते १९६६ या काळात कूलिंग टॉवरचे क्रोमियमयुक्त पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले गेले. १९९६ मध्ये ते सोडणाऱ्या पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने रहिवाशांशी ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. भूजलाची सफाई मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिली. त्या मानाने फरशीखाली वेळीच घातलेले आम्लरोधक अस्तर स्वस्तच म्हणायचे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. पिवळेपणा दिसेनासा झाल्यावरही प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पट असू शकते, म्हणून येथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. शिवाय पावसाळ्यात भूजल वर चढले की मुरुमात अडकलेले क्रोमियम पुन्हा पाण्यात उतरते, आणि उन्हाळ्यात नितळ झालेला बोअर श्रावणात परत पिवळा होऊ शकतो.

परीक्षानळीत बोअरचे पाणी आहे. आम्ल घालून त्यात डायफेनिल कार्बाझाइडचे थेंब सोडले जातात. हेक्साव्हॅलंट क्रोमियम असेल तर रंग जांभळा होतो. आजची नळी फिकट जांभळी झाली आहे. पंप पुन्हा सुरू केला जातो.