पाडव्याची पणती आणि पेन्सिलीची फुली

(डब्लिनला मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच टाईप केलंय, मधले काही तुकडे तेवढे गाळलेत.)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत.

कमिटीनं विचारलं दहा मिनिटं बोलशील का, मी हो म्हणलं, आणि विषय सांगितल्यावर दोघीतिघींचे फोन आले की अगं हॉलमध्ये मुलंबाळं असतात, कुणाच्या सासूबाई आलेल्या असतात, गर्भपातावर कशाला बोलतेस. त्यांना माझ्याबद्दल काळजी होती, मला राग नाही आला. पण मला वाटतं मुलंबाळं आणि सासूबाई असतात म्हणूनच इथं बोलायला पाहिजे, कारण हा विषय घरातलाच आहे आणि घरातच आपण तो बोलत नाही.

माझी मावसबहीण टेक्ससला असते. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पन्नास वर्षांचा हक्क काढून टाकला आणि टेक्ससमध्ये गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद झाला, तेव्हापासून तिचा एकच प्रश्न असतो. "मोर्चे काढून आणि मतं देऊन काही होतं का गं आता? का नुसतं आपल्या मनाचं समाधान?" मागच्या महिन्यात तिनं परत विचारलं तेव्हा मी फोनवर नीट उत्तर देऊ शकले नाही. आज देते.

तर २०१२. दिवाळीचा पाडवा, १४ नोव्हेंबर. आम्ही तेव्हा डब्लिनच्या टॅला उपनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मी साडेतीन महिन्यांची गरोदर, पहिलंच. सकाळी ऑफिसला जाताना बसमध्ये फोनवर बातमी वाचली. सविता हलप्पनवार, वय ३१, डेंटिस्ट, माहेर बेळगाव. गॉलवेला सतरा आठवड्यांची गरोदर असताना हॉस्पिटलात गेली, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं, तिनं आणि नवऱ्यानं गर्भपात करून द्या म्हणून विनंती केली, पण बाळाचे ठोके चालू आहेत तोवर करता येणार नाही असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे असंही एका नर्सनं तिला म्हणलं, आणि पुढे चौकशीत ते कबूलही केलं. सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनला, २८ ऑक्टोबरला ती गेली. बेळगाव म्हणजे आमच्या कोल्हापूरहून दोन तास. आईला स्काईपवर लावलं तर तिला आधीच कळलेलं, बेळगावात सगळीकडे तेच चाललेलं. ती म्हणली, "तू बाळंतपणाला इकडंच ये बाई, तिथं नको." ज्या देशात आपण चांगल्या दवाखान्यासाठी, चांगल्या शाळेसाठी आलो, तिथून आई मला कोल्हापूरला परत बोलवत होती, हे माझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही.

त्याच संध्याकाळी किलडेअर स्ट्रीटला पार्लमेंटसमोर लोक मेणबत्त्या घेऊन जमले. मी घरात लावलेली पणती घेऊन गेले, वाऱ्यानं विझायची म्हणून जॅमच्या रिकाम्या बरणीत ठेवली, तरी दोनदा विझली आणि शेजारी उभ्या असलेल्या एका आयरिश बाईनं तिच्या मेणबत्तीवरून परत पेटवून दिली. मी त्याआधी आयुष्यात कधी मोर्चाला गेले नव्हते. आणि खरं सांगते, तिथं उभी असताना मला वाटलं की आता उद्या कायदा बदलेल, एवढी माणसं रडतायत म्हणजे बदलणारच.

नाही बदलला. बदलायला साडेपाच वर्षं लागली, आणि त्या साडेपाच वर्षांबद्दलच मला बोलायचंय.

कारण रस्त्यावर येणं इथं नवीन नव्हतंच. १९९२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, तिला गर्भपातासाठी इंग्लंडला जायला कोर्टानं बंदी केली, तेव्हाही डब्लिनच्या रस्त्यांवर हजारो माणसं उतरली. सुप्रीम कोर्टानं शेवटी निकाल दिला की आईच्या जिवाला धोका असेल, त्यात आत्महत्येचा धोकासुद्धा आला, तर गर्भपात करता येईल. छान निकाल. पण तो निकाल कायद्यात लिहायला एकही सरकार तयार नव्हतं, वीस वर्षं तो कागदावरच पडून राहिला, आणि म्हणून २०१२ मध्ये सविताच्या डॉक्टरांना धोका नक्की कुठं सुरू होतो तेच कळत नव्हतं. मोर्चा झाला, कोर्ट झालं, आणि मग सगळे घरी गेले. माझ्या मते सविता त्या वीस वर्षांत गेली.

आणि मुळात हे कुलूप लावलं कुणी? मतदारांनीच. ७ सप्टेंबर १९८३ ला सार्वमत घेऊन आठवी घटनादुरुस्ती झाली, आईचा जीव आणि पोटातला गर्भ यांचा जगण्याचा हक्क सारखा, ६६.९ टक्के लोकांनी हो म्हणलेलं. म्हणजे मत देणं ही आपोआप चांगली गोष्ट आहे असं मी म्हणत नाहीये. त्यानंतर दीड लाखाहून जास्त बायका इंग्लंडला जाऊन आल्या. बोटीनं, विमानानं, उसने पैसे काढून, घरी लग्नाला चाललोय सांगून. २०१६ या एका वर्षात इंग्लंड-वेल्सच्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या ३,२६५ जणी होत्या. आणि आपल्यासारख्या व्हिसावर असलेल्या बाईला तर तेही सोपं नव्हतं, यूकेचा वेगळा व्हिसा काढायचा, तोवर आठवडे पुढे सरकत राहायचे.

२०१२ नंतर वेगळं काय झालं तर लोक घरी गेले नाहीत. २०१३ ला एक अगदी तोकडा कायदा आला, त्यात बेकायदा गर्भपाताला चौदा वर्षांची शिक्षा, आणि लोक म्हणले हे नाही चालणार, घटनेतलं कलमच काढा. दरवर्षी मोर्चा, "रिपील" म्हणजे "रद्द करा" लिहिलेले काळे जंपर, पोर्टोबेलोच्या भिंतीवर सविताचं चित्र. पण मोर्चाची मागणी बदलली होती हे महत्त्वाचं. आधी "न्याय द्या" होतं, आता "आम्हाला प्रश्न विचारा, सार्वमत घ्या" अशी नेमकी मागणी होती. मग २०१६ ला सिटिझन्स असेंब्ली बसली, ९९ सामान्य नागरिक, ड्रायव्हर, गृहिणी, रिटायर्ड माणसं, त्यांनी कित्येक शनिवार-रविवार डॉक्टरांचं, वकिलांचं, स्वतः भोगलेल्या बायकांचं ऐकलं आणि राजकारण्यांना वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढे जाऊन शिफारस केली. तेव्हा पुढाऱ्यांचं धाडस वाढलं. आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे ज्यांचे वडील, ते लिओ वराडकर तेव्हा पंतप्रधान, आणि तेही आधी या बाजूचे नव्हते, त्यांचं मत बदलत गेलं. आपल्याला त्यांचं कौतुक असतं, मलाही आहे, पण पुढारी बदलला कारण मतदार आधी बदलला होता.

आणि मतदार दारोदार जाऊन बदलला. २०१८ च्या एप्रिल-मेमध्ये मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जायचे. हातात क्लिपबोर्ड, त्यावर घर नंबर आणि तीन रकाने, हो, नाही, अजून ठरलं नाही. पहिल्या दिवशी मी नुसती मागे उभी राहिले. दुसऱ्या दिवशी एका दारात एक आजोबा म्हणले तुम्ही बोला की, आणि मी म्हणलं, "सविता माझ्या गावाजवळची होती आणि ती गेली तेव्हा मीही गरोदर होते." ते काही बोलले नाहीत, पत्रक घेतलं, घडी करून खिशात ठेवलं. मी तिसऱ्या रकान्यात खूण केली.

सगळ्यात अवघड दार मात्र आपल्यातलंच निघालं. लुकनला एक ताई आहेत, नाव सांगत नाही, वीस वर्षं इथं, सिटिझन. चहा टाकला, चिवडा काढला, आणि समोर बसून म्हणल्या, "पोटातल्या मुली मारायला परवानगी मागतेस काय गं तू?" मला घाम फुटला, कारण ताई चुकीचं काहीच बोलत नव्हत्या. आपल्याकडे गर्भपात म्हणलं की डोळ्यापुढे सोनोग्राफीचं मशीन येतं. महाराष्ट्रानं १९८८ ला देशात सगळ्यात आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तो आपल्याच बायकांच्या चळवळीनं करायला लावला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ८९४ मुली. ताईंच्या स्वतःच्या जावेला दोनदा "तपासून" आणलं होतं, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग मी विचारलं, ताई, तिला नको होतं ते तिच्यावर केलं, आणि सविताला हवं होतं ते तिला दिलं नाही, पण दोन्ही ठिकाणी ठरवलं कुणी? ताई बराच वेळ कप घेऊन बसून राहिल्या. आम्ही दोन तास बोललो, अर्धं भांडलोच म्हणा. भारतात १९७१ चा कायदा आहे हे त्यांना माहीत होतं, महाराष्ट्राचेच मंत्री शांतिलाल शहा यांच्या कमिटीच्या अहवालावरून तो झाला. त्यासाठी आपल्या आयांना मोर्चा काढावा लागला नाही, पण म्हणूनच कदाचित तो हक्क कधी बाईचा झालाच नाही, आजही तिथं कायद्यात डॉक्टरचं मत लागतं, बाईचं नुसतं "मला नको" पुरत नाही. हे मी आधी विचारात घेतलंच नव्हतं, ताईंशी बोलतानाच लक्षात आलं. त्यांनी शेवटी काय मत दिलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

२५ मे २०१८. मतदान केंद्र मुलीच्या शाळेतच होतं. मुलगी पाच वर्षांची, माझ्याबरोबर आत आली. दोरीनं बांधलेली पेन्सिल, आणि मतपत्रिकेवर गर्भपात हा शब्दच नाही, बाई हा शब्दही नाही, नुसतं छत्तिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक मंजूर आहे का, आणि खाली आयरिश आणि इंग्लिशमध्ये हो, नाही. एवढ्या सगळ्यानंतर तो कागद इतका कोरडा की मी दोनदा वाचला. फुली मारली. बाहेर बघितलं तर तरुण पोरं-पोरी सुटकेसा ओढत येत होती, एअरपोर्टवरून थेट, कारण परदेशी गेलेल्या आयरिश लोकांना पोस्टानं मत देता येत नाही, म्हणून लंडनहून, सिडनीहून, टोकियोहून माणसं फुलीसाठी विमानानं आली होती. ६६.४ टक्के हो. म्हणजे १९८३ ला जेवढ्यांनी कुलूप लावलं, जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी ते काढलं. चाळीस मतदारसंघांपैकी फक्त डोनेगॉलनं नाही म्हणलं. दुसऱ्या दिवशी डब्लिन कॅसलच्या पटांगणात लोक सविताचं नाव घेऊन ओरडत होते, तेव्हा मला बेळगावच्या त्या आईवडिलांची आठवण आली, त्यांनी तिकडून इथल्या लोकांना हो म्हणा म्हणून आवाहन केलं होतं.

आता बहिणीचा प्रश्न. ती म्हणते तुमचं ठीक आहे, तुमच्याकडे घटना बदलायची तर लोकांना विचारावंच लागतं, आमच्याकडे टेक्ससमध्ये लोकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतदानाला आणायची सोयच नाही. बरोबर आहे तिचं. पण जिथं प्रश्न थेट लोकांपुढे आला तिथं काही कट्टर समजल्या जाणाऱ्या राज्यांतही लोक बाईच्या बाजूनं उभे राहिले, कॅन्ससला २०२२ मध्ये विधिमंडळानंच हक्क काढायचा प्रश्न लोकांपुढे ठेवला आणि सुमारे ५९ टक्क्यांनी तो फेटाळला, ओहायोनं पुढच्या वर्षी हक्क घटनेत घातला. पण फ्लॉरिडात २०२४ ला हक्काच्या बाजूनं ५७ टक्के पडूनही हरले, कारण तिथं साठ लागतात. मिझुरीत लोकांनी जिंकलं आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळानं तेच परत काढून घ्यायला नवा प्रश्न तयार केला. पोलंडमध्ये २०२० ला बायकांनी थंडीत रस्ते भरले, २०२३ ला विक्रमी ७४ टक्के मतदान करून सरकार पाडलं, आणि २०२४ च्या जुलैमध्ये गर्भपाताला मदत करणाऱ्याला शिक्षा नको एवढं साधं विधेयक २१५ विरुद्ध २१८ नं पडलं. तीन मतं! सरकारातल्याच काहींनी साथ दिली नाही.

हे सगळं मी तिला लपवणार नाही. पण माझं उत्तर तरी "होतं" असंच आहे. फक्त मोर्चाला जाताना आपल्याला नक्की कुणाकडून काय हवंय हे माहीत पाहिजे, आणि जिथं सह्यांची सोय नाही तिथं विधिमंडळाच्या छोट्या निवडणुका, प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, जिथं कुणी जात नाही, तिथंच ते ठरतं. टेक्ससमध्ये माझ्या बहिणीला सिटिझन होऊन सात वर्षं झाली आणि तिनं प्रायमरीत कधी मत दिलेलं नाही, हे तिनं मला स्वतः सांगितलं आणि मी इथं तिच्या परवानगीनं सांगतेय.

आणि आपलं तरी काय. २०१९ पासून इथं बारा आठवड्यांपर्यंत कारण न सांगता गर्भपात करून मिळतो, त्या एका वर्षात ६,६६६ जणींना इथंच घराजवळ सेवा मिळाली, इंग्लंडला जाणाऱ्यांचा आकडा ३७५ वर आला. पण त्या ३७५ जणी आहेतच ना? तीन दिवस थांबायची सक्ती आहे, ती काढा असं सरकारनंच नेमलेल्या २०२३ च्या अहवालात म्हणलं, तरी आहे. सगळे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, ही सेवा देत नाहीत. बारा आठवड्यांनंतर गर्भात गंभीर दोष दिसला तर डॉक्टर अजून शिक्षेला घाबरतात. दवाखान्याबाहेर बायकांना अडवू नये म्हणून शंभर मीटरचा कायदा लागू व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. यातलं काहीही सार्वमतानं होणार नाही, हे सगळं साध्या निवडणुकीतून होणार, आपल्या टीडीच्या, म्हणजे इथल्या खासदाराच्या, ऑफिसात जाऊन बसण्यातून होणार.

म्हणून शेवटचं. या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त जणांना पाच वर्षं पूर्ण झालीत आणि सिटिझनशिपचा अर्ज केलेला नाही. मला कारण माहीत आहे, भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा हे मनाला लागतं, मी तो दिला त्या दिवशी जेवले नव्हते. १७५ युरो अर्जाला आणि ९५० सर्टिफिकेटला, तेही कमी नाहीत. तुम्हाला ज्या घडीला वाटेल तेव्हा करा, मी जबरदस्ती करणार नाही. पण कौन्सिलच्या निवडणुकीत सिटिझन नसतानाही मत देता येतं, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा बरं.

(सात-आठ हात वर झाले.)

बघा. मागे पाण्याच्या टेबलाशेजारी मी लॅपटॉप ठेवलाय, मतदार यादीची साईट उघडून. पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (घराचा पिनकोड) लागतो, पाच मिनिटं. लुकनच्या ताई तिथं बसल्यात, त्या फॉर्म भरून देतील. पानं मांडायच्या आधी या, नंतर सगळ्यांना पार्किंगची घाई असते.