लोकप्रिय: कोण कुणाला प्रिय?

श्रोतेहो, नमस्कार.

शिस्तप्रिय मास्तर म्हणजे ज्यांना शिस्त प्रिय आहे ते. मग विद्यार्थिप्रिय मास्तर? ते विद्यार्थ्यांना प्रिय. विद्यार्थी त्यांना आवडतात की नाही, हे शब्द सांगत नाही. पहिला समास बहुव्रीही, दुसरा तत्पुरुष. आपला 'लोकप्रिय' दुसऱ्या गटातला. इंग्रजीतल्या 'पॉप्युलर'ने मात्र पहिल्या गटातून दुसऱ्यात उडी मारली आहे.

मूळ लॅटिन शब्द 'पोपुलुस', म्हणजे लोक, नागरिक. त्यावरून 'पोपुलारिस', लोकांचा. जुन्या लॅटिन नाटकात 'पोपुलारितास' येतो तो एका गावचे असण्याच्या नात्यासाठी, आवडीनिवडीसाठी नव्हे.

पुढे रोमच्या राजकारणात, लोकांची बाजू घेणाऱ्या किंवा घेतो असं दाखवणाऱ्या पुढाऱ्यांना 'पोपुलारेस' म्हणू लागले. त्यांच्यापैकी गायस ग्राकसने इ.स.पू. 123 मध्ये कायदा करून नागरिकांना ठरावीक दराने धान्य दिलं: सुमारे पावणेनऊ लिटरच्या मापाला सव्वासहाच्या आसपास 'आस', म्हणजे तांब्याची नाणी. तूट तिजोरीच्या माथी. इ.स.पू. 58 मध्ये क्लोडियस या तसल्याच पुढाऱ्याने ते फुकटच केलं. मग मालक गुलामांना मुक्त करू लागले, कारण मुक्त झालेला गुलाम नागरिक ठरे आणि त्याचं पोट सरकार भरी! यादी 3,20,000 नावांवर गेली. सीझरने गल्लोगल्ली, भाड्याच्या इमारतींच्या मालकांकडून भाडेकरूंची मोजणी करवली आणि ती 1,50,000 वर आणली. गंमत म्हणजे हा सीझर स्वतः पोपुलारेसांपैकीच.

रोमचा नामांकित वक्ता आणि राजकारणी सिसेरो तर त्याहून चतुर. इ.स.पू. 56 च्या भाषणात तो म्हणतो, आपलं बोलणं-वागणं गर्दीला रुचावं असं ज्यांना वाटे, ते पोपुलारेस. त्याचा रोख टीकेचाच. पण इ.स.पू. 63 मध्ये, जमीनवाटपाचा कायदा हाणून पाडताना, लोकांसमोर त्याने स्वतःला 'लोकांचा कॉन्सुल' (कॉन्सुल म्हणजे रोमचा निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी) म्हणवून घेतलं होतं.

फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर सोळाव्या शतकात 'पॉप्युलॅरिटी'चा एक अर्थ लोकांचं राज्य असाही होता. मग लोकांची मर्जी राखण्याची धडपड, आणि शेवटी मिळालेली मर्जी. आधी कर्ता होता मर्जी राखणारा पुढारी, आता कर्ते झाले मर्जी देणारे लोक.

जाता जाता: पॉपलरच्या झाडाचं लॅटिन नावही 'पोपुलुस'च. पण त्यातला पहिला 'ओ' दीर्घ, लोकांच्या शब्दातला ऱ्हस्व. दोन शब्द वेगळे मानतात. नुसतं स्पेलिंग पाहून नातं जोडायला जाऊ नका.