गाठ चिकटपणाशी

[दृश्य: लाकडी खोकं, आत सूक्ष्मदर्शक]

नोव्हेंबर 1960. कॅलिफोर्नियातलं पासाडेना. कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड फाइनमन यांच्यासमोर विल्यम मॅक्लेलन नावाचे इंजिनिअर एक खोकं घेऊन उभे आहेत. फाइनमनना अशा खोक्यांचा आताशा कंटाळा आलेला. 29 डिसेंबर 1959 च्या भाषणात त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, की इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या घनात, म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटरात मावणारी विजेची मोटार आणा आणि हजार डॉलर घेऊन जा. तेव्हापासून लोक हौसेनं मोटारी आणत होते, पण मापात एकही बसत नव्हती.

या खोक्यातून मात्र सूक्ष्मदर्शक निघाला.

[दृश्य: बोटाच्या टोकावर खसखशीचा दाणा]

खसखशीच्या दाण्याहून लहान मोटार. 13 भाग. वजन 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमात अशा 4,000 मोटारी. आणि हत्यारं? घड्याळजीचा लेथ, सूक्ष्मदर्शक, टोक काढलेली दात कोरायची काडी. फाइनमननी हजार डॉलर खिशातून दिले. दुसरंही एक बक्षीस त्यांनी लावलं होतं, अतिसूक्ष्म लेखनाचं. पत्रातून त्यांनी मॅक्लेलनना गमतीनं विनवलं, की आता त्याच्या मागे लागू नका, मधल्या काळात माझं लग्न झालंय आणि मी घरही घेतलंय!

खरं तर त्यांना हवं होतं नवं तंत्र. मिळाली ती घड्याळजीचीच कला, फक्त श्वास रोखून केलेली.

[दृश्य: सिलिकॉनची चकती, तिच्यावर फिरणारा प्रकाश]

नवं तंत्र आलं ते चिपच्या कारखान्यातून. 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच बर्कली विद्यापीठात रिचर्ड मुलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सिलिकॉनमध्येच मोटार कोरली. तिचं चाक केसाच्या जाडीच्या आसपास. तिचे भाग कुणी हातानं जुळवले नाहीत.

युक्ती आपल्या गवंड्यांना लगेच कळेल. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात, स्लॅब पक्का झाला की काढून घेतात. इथे सेंट्रिंग म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर आणि त्यावर सिलिकॉनचा स्लॅब. हायड्रोफ्लोरिक आम्लानं खालचा थर विरघळवला, की वरचा भाग मोकळा होतो.

मोकळा होतो, पण मग धुवून वाळवताना घात होतो.

[दृश्य: धुतलेली स्टीलची ताटं, एकात एक अडकलेली]

ओली ताटं एकात एक ठेवली की सुटता सुटत नाहीत, हे घरोघरी माहीत आहे. फटीत उरलेलं पाणी वाळता वाळता वरचा सिलिकॉन खाली ओढतं. तो तळाला टेकतो आणि तिथेच चिकटून बसतो. वस्तूची लांबी, रुंदी, उंची दहापट कमी करा. वजन हजारपट घटतं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. म्हणून या आकारात वजनाला कुणी विचारत नाही, राज्य चिकटपणाचं. माझ्या मते मोटारीच्या आकड्यांपेक्षा नवल याचंच आहे.

उपाय निघाले. भागांच्या पोटाला बारीक उंचवटे ठेवले, म्हणजे टेकलं तरी टोकंच टेकतील. पाणी न धरणारा, रेणूभर जाडीचा लेप दिला. वाळवण्यासाठी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरला. तो अशा अवस्थेत नेतात, की द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसली जाते. सीमा नाही, तर ओढणार कोण?

मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं, ते स्प्रिंगांवर टांगलेल्या अशाच एका सिलिकॉनच्या तुकड्यामुळे. तो किंचित सरकतो, त्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते, फोनला दिशा कळते. गाडीतली एअरबॅगही अशाच तुकड्याच्या भरवशावर असते.

[दृश्य: शाळेचा वर्ग, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड]

आता वर्गातला प्रोजेक्टर. अनेक प्रोजेक्टरांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये शोधलेली आरशांची चिप असते. 1024 गुणिले 768 च्या चिपवर 7,86,432 आरसे, एकेकाची बाजू दहा-पंधरा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा-पंधरा हजारांश. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे कलतो. इकडे कलला की पडद्यावर उजेड, तिकडे कलला की अंधार.

[दृश्य: काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, हळूहळू जवळून]

फडक्यानं पुसला तरी न जाणारा हा ठिपका म्हणजे घाण नव्हे. उजेडाच्या बाजूला अडकलेला एक आरसा आहे तो. तेवढाच काढून बदलता येत नाही. दुरुस्तीवाला अख्खी चिपच बदलायला सांगतो.