मोंढ्याची पट्टी आणि सी प्रोग्रामचं लोकेल

नमस्कार! समजा, लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी तुम्ही सीमध्ये पट्टी छापायचा प्रोग्राम लिहिलाय. सोयाबीनचे झाले सव्वा लाख, आणि कागदावर आलं सलग १२५०००. महिनाही इंग्रजीत. दुकानातल्या लिनक्सची भाषा तर मराठी ठेवलीय. मग प्रोग्रामला ती कळली का नाही?

लोकेल म्हणजे भाषा, तारीख, आकडे, पैसे कसे लिहायचे याचा संच. सीचा प्रत्येक प्रोग्राम 'सी' नावाच्याच लोकेलमध्ये सुरू होतो, म्हणून कळली नाही. सी भाषेच्या १९८९च्या स्टँडर्डपासून हाच नियम आहे. मशीनचं सेटिंग तो आपणहून बघत नाही, त्याला सांगावं लागतं. मेनच्या सुरुवातीलाच सेटलोकेल हे फंक्शन बोलवा. त्यात एलसी-ऑल, म्हणजे लोकेलचे सगळे विभाग, आणि रिकामी स्ट्रिंग द्या. रिकामी म्हणजे 'वापरणाऱ्याचं जे असेल ते घे'. उत्तर नल आलं, तर मागितलेलं लोकेल त्या मशीनवर नाही. टर्मिनलमध्ये 'लोकेल, डॅश ए' मारा, बसवलेल्यांची यादी येते. ही तपासणी कृपा करून टाळू नका.

एवढं केलं की एसटीआरएफटाइम, म्हणजे तारीख मजकुरात लिहून देणारं फंक्शन, महिना 'जानेवारी' असा देतं. वारांची, महिन्यांची नुसती नावं हवी असली, तर एनएल-लँगइन्फो आहे.

पैशांसाठी लोकेलकॉन्व्ह. हे एका स्ट्रक्चरचा पॉइंटर देतं. त्यात रुपयाचं चिन्ह आहे, दशांश चिन्ह आहे, आणि मला सगळ्यात आवडतं ते मॉन-ग्रुपिंग, म्हणजे रकमेत स्वल्पविराम किती अंकांनी द्यायचे ते. आपल्याकडे त्यात ३ आणि २ असतात: उजवीकडून आधी तीन अंकांचा गट, पुढे दोन-दोनचे. म्हणून १,२५,०००. लाख-कोटीची आपली मोजणी सीच्या लायब्ररीत आहे बघा! पण मॉन-ग्रुपिंग पर्सेंट-एसनं छापाल तर काहीच वाचता येणार नाही. ते ३ आणि २ अक्षरं नाहीत, बाइटच्या किमती आहेत. एकेक बाइट आकडा म्हणून वाचा.

आता जपायची गोष्ट. एलसी-ऑलमुळे दशांश चिन्हही बदलू शकतं. जर्मन लोकेलमध्ये ते स्वल्पविराम असतं. तिथं तुमच्या फाइलमधला ४२००.५० हा भाव एटीओएफ, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, फक्त ४२०० वाचेल आणि कुठलीही एरर देणार नाही. शेतकऱ्याचे पैसे आहेत ते! म्हणून एलसी-ऑलच्या खालीच दुसरी ओळ लिहा: सेटलोकेल, एलसी-न्यूमेरिक, 'सी'. म्हणजे साध्या आकड्यांचा विभाग तेवढा परत 'सी'वर येतो. मॉन-ग्रुपिंग पैशांच्या विभागात, एलसी-मॉनेटरीत असल्यानं लाखाचे स्वल्पविराम तसेच मिळत राहतात.