घड्याळाचा मोझार्ट, तलतचा मोझार्ट

मंडळी, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातलं आपल्याला काही कळत नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना मोझार्ट गुणगुणता येतो. टायटन घड्याळाची जाहिरात आठवा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टीव्हीवर आली आणि ती धून घराघरात जाऊन बसली. ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिम्फनीतली, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेतली. साल्झबुर्ग, १७७३, आणि पोराचं वय सतरा!

गंमत म्हणजे मूळ सुरुवात अजिबात प्रसन्न नाही. व्हायोलिनं ठोक्यावर येतच नाहीत, दोन ठोक्यांच्या मध्ये धडका देत राहतात. ऐकणारा अस्वस्थ होतो. आपल्याकडे मात्र त्यावर कुणीतरी कुणाला घड्याळ भेट देतं आणि सगळे हसतात. मला यात तक्रारीचं काही दिसत नाही. वाद्यं आणि लय बदलली की तेच सूर वेगळ्या घरी नांदतात.

दुसरं उदाहरण जास्त रसाळ आहे. ‘छाया’, १९६१, ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’, तलत आणि लता. संगीत सलिल चौधरींचं, मुखडा मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीचा. सलिलदांचं बालपण आसामच्या चहामळ्यांत गेलं. वडील तिथे डॉक्टर, आणि घरात पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा साठा. त्यामुळे हे सूर त्यांनी उसने आणले म्हणण्यापेक्षा लहानपणापासून कानात होते म्हणावं.

मूळ सिम्फनी व्हिएन्नातली, १७८८ च्या उन्हाळ्यातली. त्याच उन्हाळ्यात त्याने एकोणचाळीस, चाळीस आणि एक्केचाळीस अशा तीन सिम्फनी लिहिल्या. सुरुवात नीट ऐका. आधी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुरातली बहीण, हळूच हलू लागतात, मुखड्याआधी ठेका सुरू व्हावा तशा. मग व्हायोलिनं येतात. पाश्चात्त्यांचा ‘जी’ हा स्वर आपला षड्ज धरला तर स्वर असे: ध प प, ध प प, ध प प ग. धैवत आणि गंधार दोन्ही कोमल, गंधार वरचा. पुढे उतरण: ग रे सा, सा नी ध, ध प म म. निषादही कोमल. म्हणजे हा आपला आसावरी थाटच की, सुरांची तीच चौकट! (राग म्हणू नका हं, इथे बसलेले गवई मला सोडणार नाहीत.) कोमल धैवत पंचमावर टेकतो तो उसासा तलतच्या कंपित आवाजात इतका चपखल बसला, की सूर परके वाटलेच नाहीत. सिम्फनीची लय मात्र बरीच द्रुत आहे. सलिलदांनी ती निवांत केली आणि अंतऱ्यात आपल्या वाटेने गेले.

आता योगायोग पाहा. मोझार्टच्या क्रमांक लागलेल्या एक्केचाळीस सिम्फनींपैकी मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या उदास स्वरपट्टीत फक्त दोन आहेत, दोन्ही जी मायनर, म्हणजे ‘जी’ला षड्ज धरणाऱ्या. आपल्याकडे घरोघरी पोचल्या त्या नेमक्या याच दोन.

बेथोव्हेनच्या ‘फ्युअर एलिझ’चं काय, असं कुणीतरी विचारणारच. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की पीं-पीं वाजायचं, तेच ते. तैवानमध्ये त्याच सुरावर कचऱ्याची गाडी येते. १८१० ची ही रचना बेथोव्हेन गेल्यावर चाळीस वर्षांनी छापली गेली. याहून जास्त वेळ तिला आज देत नाही.

आता चाळिसाव्या सिम्फनीची पहिली दोन मिनिटं लावतो. डोक्यात ‘इतना ना’ वाजणारच, वाजू द्या. दुसऱ्या ओळीत कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद येतो, तेवढा पकडा.