तेच आहे, कंपनी वेगळी

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलांची औषधं : ॲलर्जी ओळखणं, उपाय आणि नोंद’. मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डाइंग खातं बघतो, 18 वर्षं झाली. समोर निम्मी मंडळी कारखान्यातली, मागावरची दिसतात, तेव्हा लॉट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तरी दोन मिनिटं त्यावर घेतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघालंय.

आमच्याकडे रंगाच्या प्रत्येक लॉटला, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाला, कार्ड असतं. रंग कुठला, किती टक्के, मीठ किती, सोडा किती, तापमान किती, मशीनवर कोण होतं, सगळं त्यावर. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकानं कळवलं की धुतल्यावर रंग सुटतोय, तर मी कार्ड काढून पाच मिनिटांत सांगतो की चूक कुठं झाली. आणि त्या लॉटमध्ये काय नडलं ते कळलं की पुढच्या लॉटला ते घालत नाही. अंग पुसायच्या टॉवेलसाठी आपण एवढं करतो. माझ्या लेकीच्या पोटात गेलेल्या औषधाचं नाव मात्र मला माहीत नव्हतं. दोनदा माहीत नव्हतं.

पहिली वेळ ती दोन वर्षांची असताना. कान दुखून रात्रभर रडली. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी औषध लिहून दिलं. तुम्ही सगळ्यांनी ती बाटली पाहिलीय: आत कोरडी पावडर, खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. आमच्या घरात त्याचं नाव ‘गुलाबी औषध’. चौथ्या दिवशी पोटावर चार-पाच गांधी उठल्या. माझी आई म्हणाली, पित्त उठलंय. तिनं आमसूल भिजत घातलं, ते पाणी अंगाला लावलं, संध्याकाळपर्यंत गांधी बसल्या. कान बरा झाला, बाटली कचऱ्यात गेली. लेबल तर ओल्या हातांनी केव्हाच निघालं होतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा गांधींचा विषय मी काढलाही नाही. पित्तासाठी डॉक्टरांना काय सांगायचं!

दुसरी वेळ दीड वर्षानं, ऐन गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत. घसा लाल, ताप. सणामुळं आमचे डॉक्टर बाहेरगावी, म्हणून दुसऱ्यांकडे नेलं. त्यांनी विचारलं, ‘कशाची ॲलर्जी आहे का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ त्यांनी विचारलं होतं, हे मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगतो. उत्तर मी चुकीचं दिलं.

चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. त्या नावाचं औषध नव्हतं. दुकानदार दुसरी बाटली पुढं करत म्हणाला, ‘तेच आहे, कंपनी वेगळी.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. त्यात काही खोटं नव्हतं. ते पुरतं खरं होतं, आणि घोळ तिथंच होता.

घरी आलो. टोपणानं मोजून 5 मिली पाजलं. ती ओट्याजवळ पाटावर बसून शेंगा सोलत होती. दहा-पंधरा मिनिटांत म्हणाली, ‘बाबा, हात चावतायत.’ मला वाटलं, शेंगांतली मुंगी असेल. तळहात उघडून बघितले, लालभडक. ती तळहात फरशीवर घासायला लागली. मग कान लाल झाले, पाठीवर गांधी उठल्या. पहिल्या वेळेसारख्या चार-पाच नाहीत, एकात एक मिसळत पसरणाऱ्या. आई आमसूल आणायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत पोरीचा वरचा ओठ सुजून पुढं आला होता. खोकला सुरू झाला, आवाज बसला, एक उलटी झाली. आणि मग ती एकदम गप्प झाली. मान माझ्या खांद्यावर टाकली.

आई म्हणाली, ‘बरं वाटतंय बघ, झोप लागली.’

मलाही क्षणभर तसंच वाटलं. शेजारच्या अक्का दारात उभ्या होत्या. सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेली बाई, शाळेची पायरी चढलेली नाही. त्या म्हणाल्या, ‘अण्णा, ही झोप नव्हं. उचला.’

मोटरसायकल काढली. बायको मागं, तिच्या मांडीवर पोर. आणि पुढं नंदीध्वजांची मिरवणूक, रस्ता माणसांनी भरलेला. बायको फक्त ‘बाळ, बाळ’ एवढंच ओरडत होती. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं बाजूला होत गेली. एका पोलिसानं गाडीच्या पुढं पळत आम्हाला कोपऱ्यापर्यंत काढलं. ती माणसं पुन्हा भेटली तरी मला ओळखता यायची नाहीत. दर वर्षी नंदीध्वज समोरून जाताना मी त्या गर्दीलाही हात जोडतो.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, ‘काय दिलं होतं?’ मी म्हणालो, ‘घशाचं औषध.’ ‘नाव?’ मी म्हणालो, ‘पांढऱ्या बाटलीतलं.’ त्यांनी पुढं विचारलं नाही. डॉक्टर बाईंनी वजन विचारलं, 13 किलो, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिलं. ॲड्रेनलिन. एक मिलीची काचेची कुपी असते, तिचा साधारण आठवा हिस्सा, 0.13 मिली. एवढ्याशा थेंबांनी दहा मिनिटांत ओठांचा रंग परत आला आणि पोर रडायला लागली. ते रडणं ऐकून बायको भिंतीला टेकून खालीच बसली.

रात्रभर ठेवून घेतलं, कारण असा झटका ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. मेव्हण्यानं घरून बाटली आणली, आणि मोबाइलमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो सापडला. डॉक्टर बाईंनी दोन्ही शेजारी धरून दाखवलं. ब्रँडची नावं वेगळी, एका अक्षराचंही साम्य नाही. बाटलीवर ब्रँडच्या नावाला लागून मूळ औषधाचं नाव होतं: अमॉक्सिसिलिन. चिठ्ठीवर ते नव्हतंच, तिथं नुसता ब्रँड, पण डॉक्टर बाईंना तो पाठ होता. म्हणाल्या, ‘हेही अमॉक्सिसिलिनच. दोन्ही एकच.’ दीड वर्षापूर्वीच्या त्या चार-पाच गांधी म्हणजे तिच्या शरीरानं या औषधाला शत्रू म्हणून ओळखल्याची खूण होती. दुसऱ्यांदा तेच दिसल्यावर शरीर सगळं बळ घेऊन तुटून पडलं.

इथं थोडं विषयांतर करतो. आमच्या वडिलांच्या पिढीला पेनिसिलिनची धास्ती होती. इंजेक्शनच्या आधी हातावर टोचून बघायचे, लाल झालं का म्हणून वाट बघायचे. सरकारनं पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली काढला तो पेनिसिलिनसाठीच, त्या औषधानं या देशात लाखो जीव वाचवले, त्याच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण अमॉक्सिसिलिन हे त्याच पेनिसिलिनच्या घराण्यातलं आहे, हे किती आईबापांना माहीत असतं? सुई गेली, गोड पातळ औषध आलं, आणि धास्तीबरोबर सावधपणाही गेला. डॉक्टरांनी मूळ नाव लिहावं, स्वच्छ आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत, असं तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं 2016 सालीच सांगून ठेवलंय. माझ्या घरातल्या चिठ्ठ्या काढून बघितल्या, बहुतेकांवर ब्रँडच. आणि सुट्ट्या गोळ्यांचं बघा. दहाच्या पट्टीतल्या चार कापून कागदी पुडीत मिळतात, नाव छापलेला तुकडा दुकानात राहतो. घरी येते ती बिननावाची गोळी. असा बिनकार्डाचा माल मी खात्यातून बाहेर सोडला तर संध्याकाळी मला नोकरी नसेल! मला या गोष्टीचा राग येतो, अजूनही येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. पत्रिकेवरचे तिन्ही विषय अजून तसेच आहेत, भराभर सांगतो.

ओळखायचं कसं. नुसत्या गांधी उठल्या तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा. पण गांधींबरोबर ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, खोकला, धाप, वारंवार उलटी, किंवा पोर मलूल होऊन गप्प पडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघत थांबायचं नाही. आणि कधीकधी गांधी उठतच नाहीत, सरळ श्वासच अडतो. हे बहुतेक वेळा औषध दिल्यापासून काही मिनिटांत ते तासाभरात होतं.

करायचं काय. 108 ला फोन करा किंवा जवळात जवळचा दवाखाना गाठा. पोराला आडवं ठेवा, पाय थोडे वर. धाप लागत असेल तर बसतं ठेवा, पण उभं करू नका, चालवू नका. मी गाडीपर्यंत खांद्यावर उभं धरून नेलं, ते चुकलं होतं. आमसूल, ॲलर्जीची गोळी, यांनी खाज कमी होईल, बंद होणारा श्वास उघडत नाही. त्याला ॲड्रेनलिनच लागतं. पोटात गेलेलं काढायला उलटी करवू नका. आणि बाटली किंवा पट्टी बरोबर घ्या.

नोंद. चार गोष्टी लिहा: मूळ औषधाचं नाव, किती दिलं होतं, दिल्यापासून किती वेळानं झालं, नेमकं काय झालं. अंगावर उठलेल्याचा फोटो काढा, कारण डॉक्टरांपुढं जाईपर्यंत ते मावळतं. ताप-सर्दीच्या कित्येक बाटल्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, सगळी नावं उतरवा. केंद्र सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. 1800-180-3024 या मोफत नंबरवर साधा माणूसही कळवू शकतो.

एक गोष्ट राहूच द्यायची नाही. जुलाब झाले, मळमळलं, म्हणजे ॲलर्जी नव्हे. विषाणूच्या तापातही मुलांच्या अंगावर पुरळ येतं आणि खापर औषधावर फुटतं. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहातल्या नऊजणांना तपासणीत ती नसल्याचं आढळतं. मग आयुष्यभर चांगलं, स्वस्त औषध टाळून भारीतलं घ्यावं लागतं. म्हणून ‘सगळ्या अँटिबायोटिक चालत नाहीत’ असं मोघम लिहू नका. काय झालं ते लिहा आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. घरी थोडंसं देऊन बघण्याचा प्रयोग मात्र कुणीही करू नका.

वेळ संपली. बाहेर टेबलावर कार्डं ठेवलीत, आमच्या डाइंग खात्याच्या कार्डांच्याच मापाची, तिथल्याच पिवळ्या जाड कागदाची. दोन-दोन घ्या, एक दवाखान्याच्या फाइलच्या पहिल्या पानाला लावायला, एक मुलाच्या दप्तरात. पेन तिथंच आहेत. ज्यांना औषधाचं नाव आत्ता आठवत नाही, त्यांनी रविवारी जुनी बाटली किंवा चिठ्ठी घेऊन या. सकाळी दहा ते बारा मी इथंच असतो, आपण मिळून शोधू. शेजारच्या अक्का पण असतात.